उसळतं पाणी, मुरतं पाणी

उन्हाळ्याची चाहूल लागली की धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीच्या शिवारात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. काम रात्रीही चालतं, आणि कॉम्प्रेसरचा आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत जातो. आधी मुरमाची तांबूस धूळ उडते, मग मांजऱ्या नावाच्या मऊ, सच्छिद्र दगडाची, मग काळ्या पाषाणाची राखट भुकटी. बांधावर मालक असतो, भाऊबंद असतात, दोन-चार शेजारी असतात. पाणाड्याने दाखवलेल्या जागी नारळ फुटलेला असतो. शंभर फूट, दोनशे फूट, चारशे फूट. एखाद्या वेळी धूळ ओली होते, चिखल उडतो आणि पांढरंशुभ्र पाणी वीस-पंचवीस फूट उंच उसळतं. "लागलं की मालक, दोन इंची लागलं!" असा ओरडा होतो. लहान पोरं त्या पाण्यात नाचतात, म्हातारी माणसं हात जोडतात. कॉम्प्रेसर बंद केला की फवारा खाली बसतो. तो हवेच्या दाबाने उठलेला असतो, आणि पाणी पुन्हा आपल्या पातळीवर, खोल अंधारात जाऊन थांबतं.

पृथ्वीवर मोजक्या जागा अशा आहेत जिथे जमीन कोणत्याही यंत्राशिवाय उकळतं पाणी आणि वाफ आभाळात फेकते, थोडा वेळ शांत होते आणि पुन्हा फेकते. हे गीझर, म्हणजे ठरावीक किंवा अनियमित अंतराने उसळणारे उकळते झरे. जगभर नोंदलेल्या गीझरची संख्या हजाराच्या आसपास आहे, आणि त्यातले जवळपास निम्मे एकट्या अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहेत. उरलेल्यांपैकी बरेच रशियातला कामचाट्का, चिली, न्यूझीलंड आणि आइसलंड या चार ठिकाणी दाटीने आहेत.

पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने एवढ्या लांबच्या झऱ्यांचं काय करायचं, असं कुणी विचारेल. या झऱ्यांची गोष्ट नीट समजली, तर आपल्या पायाखालच्या दगडाची आणि त्यातल्या पाण्याची गोष्ट समजते. गेल्या शंभर वर्षांत जगाने किती तरी गीझर बोअर पाडून मारले, आणि काही बोअर बंद करून परत मिळवले. धाराशिव जिल्ह्यासाठी यापेक्षा जवळचा धडा शोधून सापडणार नाही.

आग, पाणी आणि अरुंद वाट

गीझरला तीन गोष्टी एका जागी लागतात. जमिनीखाली फार खोल नसलेली प्रचंड उष्णता, खाली मुरणारं भरपूर पाणी, आणि त्या पाण्याला वर यायला दगडातली वाकडीतिकडी, मध्येच अरुंद होणारी पण भक्कम वाट. पहिल्या दोन गोष्टी असून तिसरी नसेल, तर गरम पाण्याचा साधा झरा किंवा वाफेचं छिद्र होतं. म्हणूनच जगात गरम झरे हजारोंनी आहेत आणि गीझर इतके थोडे.

पाणी उसळतं कसं, याचं पहिलं पटणारं उत्तर जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी दिलं. प्रयोगशाळेतल्या बर्नरमुळे आपण त्यांचं नाव शाळेत ऐकतो. १८४६ मध्ये ते आइसलंडला गेले आणि तिथल्या प्रसिद्ध गीझरच्या विवरात वेगवेगळ्या खोलीवर पाण्याचं तापमान मोजलं. पाणी वर शंभर अंशांना उकळतं. दहा मीटर खोलीवर मात्र वरच्या पाण्याचा भार असतो, म्हणून तिथलं पाणी उकळायला सुमारे १२० अंश लागतात. वीस मीटरवर १३० अंशांच्याही पुढे. खालचं पाणी असं शंभरच्या वर तापूनही दाबाखाली गप्प राहतं. कुठे तरी पहिले बुडबुडे उठतात, वरचं थोडं पाणी काठावरून सांडतं, भार कमी होतो, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं खालचं पाणी एकदम वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की तिला शेकडो पटींनी जास्त जागा लागते, आणि ती जागा तिला फक्त वरच्या दिशेला मिळते. विवर रिकामं होतं, पुन्हा भरायला लागतं आणि पुढचं आवर्तन सुरू होतं.

यलोस्टोनच्या ओल्ड फेथफुल या गीझरचं नाव १८७० च्या एका शोधमोहिमेने ठेवलं. आज तो सरासरी दीड तासाच्या आसपास एकदा उसळतो आणि पाणी ३० ते ५५ मीटर उंच फेकतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या विवरात कॅमेरा आणि तापमापक सोडले, तेव्हा सुमारे सात मीटर खोलीवर वाट चार-साडेचार इंचांपर्यंत अरुंद झालेली आढळली. आपल्या बोअरच्या छिद्रापेक्षाही ती फट लहान आहे. त्या फटीला दर वेळचा मारा सहन करता येतो, कारण तिला सिलिकाचं अस्तर आहे. रायोलाइट नावाच्या ज्वालामुखी खडकात सिलिका सत्तर टक्क्यांहून जास्त असते. उकळतं पाणी ती विरघळवून वर आणतं आणि वाटेच्या भिंतींवर थर चढवतं. शेकडो वर्षं लिंपत लिंपत ही नळी तयार होते. ती फुटली किंवा बुजली, तर गीझर संपतो.

जगाचा नकाशा

हे सगळं कुठे जुळून येतं, हे नकाशावर पाहिलं की एक रेघ दिसते. जिथे भूपट्ट एकमेकांखाली जातात किंवा फाकतात, आणि जिथे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडकाचा लोट वर येतो, तिथेच गीझर आहेत.

यलोस्टोन एका अजस्र ज्वालामुखीच्या विवरात वसलेलं आहे. १८७२ मध्ये ते जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि म्हणूनच तिथले गीझर वाचले. तिथला स्टीमबोट हा जगातला सर्वांत उंच उसळणारा गीझर. त्याचं पाणी ९० मीटरच्याही वर जातं. तो कधी कधी कित्येक वर्षं झोपतो. मार्च २०१८ मध्ये तो जागा झाला आणि पुढच्या काळात शंभराहून अधिक वेळा उसळला.

रशियाच्या पूर्व टोकाला कामचाट्कात गीझरची एक अख्खी दरी आहे. बाहेरच्या जगाला ती १९४१ पर्यंत माहीत नव्हती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तात्याना उस्तिनोव्हा या भूशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे वाटाडे अनिसिफोर क्रुपेनिन तिथे पोचले. ३ जून २००७ रोजी डोंगराचा मोठा कडा कोसळला आणि दरीचा बराच भाग गाडला गेला. काही गीझर कायमचे गेले, काही पुन्हा वाट काढून वर आले.

चिलीच्या उत्तरेला अँडीज पर्वतात एल टाटिओचं मैदान सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. पहाटेच्या गोठवणाऱ्या थंडीत तिथे ऐंशीच्या आसपास गीझर वाफ सोडत असतात. आइसलंडच्या हौकादालूर खोऱ्यातले उकळते झरे १२९४ च्या भूकंपानंतर जुन्या लेखनात नोंदले गेले. बुन्सेन यांनी मोजमाप केलेला तिथला गीझर आज बहुतेक वेळ शांत असतो, पण शेजारचा स्ट्रोक्कूर दर पाच-दहा मिनिटांनी पाणी उडवतो. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर वाइमांगू नावाचा गीझर १९०० ते १९०४ या काळात चारशे मीटरच्याही वर चिखल, दगड आणि पाणी फेकत होता. १९०३ मध्ये त्याने चार माणसांचा बळी घेतला. पुढच्या वर्षी तो थांबला तो कायमचा.

भारतात असे नियमित उसळणारे नामांकित गीझर नाहीत. उष्णतेच्या बाबतीत आपली सर्वांत जवळची जागा लडाखमधली पुगा दरी. भारतीय भूपट्ट आशियाला जिथे भिडला त्या शिवणीजवळ, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर ती आहे. तिथले झरे ८४ अंशांना उकळतात, कारण त्या उंचीवर पाण्याचा उत्कलनबिंदूच तेवढा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात तिथे छिद्रं घेतली तेव्हा त्यातून वाफ आणि गरम पाणी जोराने बाहेर आलं.

किल्लारीच्या छिद्राने काय सांगितलं

आता आपल्या जमिनीकडे येऊ. बेंबळीच्या माणसाला ही जमीन आगीतून झाली आहे हे कुणी सांगावं लागत नाही. काळा पाषाण हा लाव्हाच आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आजही त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. मग एवढी आग जिथून वर आली, तिथे एकही उकळता झरा का नाही?

याचं उत्तर बेंबळीच्या पूर्वेला, औसा तालुक्यातल्या किल्लारीत मिळालं, आणि ते एका भयंकर दुःखानंतर मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. त्यानंतर ज्वालामुखी फुटणार अशा अफवांनी लोकांची झोप उडवली. आजही धाराशिव-लातूर भागात कुठे गूढ आवाज झाला की तीच शंका पुन्हा निघते.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण निघाला. त्याखाली आठ मीटर जुना गाळ, लाव्हा येण्याआधीच्या जमिनीवर साचलेला. आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा जुना ग्रॅनाइटसारखा पायाखडक. ३३८ मीटर म्हणजे सुमारे अकराशे फूट. आज मराठवाड्यात हजार-हजार फुटांचे बोअर पडतात. किल्लारीच्या परिसरात एवढ्या खोल गेलेला शेतकरी दख्खनच्या लाव्हाचा जवळजवळ तळ गाठतो, हे त्याच्या लक्षात येत नाही.

त्या परिसरातल्या छिद्रांमध्ये शास्त्रज्ञांनी तापमान उतरत उतरत मोजलं आणि पृथ्वीच्या पोटातून किती उष्णता वर येते याचा हिशेब काढला. आकडा आला दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॅट. खंडांची जागतिक सरासरी याहून जास्त, ६५ च्या घरात आहे. यलोस्टोनच्या विवरात हाच आकडा सरासरी २,००० मिलिवॅटच्या आसपास जातो. एकराच्या भाषेत मांडलं तर किल्लारीच्या एक एकर रानातून साधारण १७४ वॅट उष्णता वर येते. पाच एचपीच्या मोटारीला जेवढी शक्ती लागते, तेवढी उष्णता जमा करायला एकवीस एकर लागतील. यलोस्टोनमध्ये एकाच एकरातून दहा एचपीची उष्णता सतत निघत असते.

म्हणजे आपल्या पायाखालची जमीन थंड आहे. आपला दगड ज्या आगीतून आला तो तप्त लोट, बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारतीय भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेला सरकत आला आणि आग मागे राहिली. किल्लारीचा भूकंप जुन्या, थंड, ताणाखाली असलेल्या खडकाच्या तुटण्याचा होता. ज्यांना अजूनही आपल्याकडे ज्वालामुखी होईल अशी धास्ती वाटते, त्यांनी हा ४३ चा आकडा लक्षात ठेवावा.

या थंड जमिनीतही खोल गेलं की थोडी ऊब मिळते. काळा पाषाण उष्णता सहज वाहू देत नाही, म्हणून तीनशे मीटरवर तापमान वरच्या थरापेक्षा सात-आठ अंशांनी वाढलेलं असतं. जानेवारीच्या पहाटे खोल बोअरचं पाणी हौदात पडताना वाफाळतं आणि हाताला कोमट लागतं, ते यामुळेच. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेचा बेंबळीकराला मिळणारा अनुभव एवढाच.

आपल्या राज्यातली उन्हाळी

महाराष्ट्रात खरोखर गरम पाणी हवं असेल तर सह्याद्री उतरावा लागतो. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठरा ठिकाणी गरम झरे, म्हणजे उन्हाळी, आहेत. तानसा नदीकाठचे अकलोली, गणेशपुरी आणि वज्रेश्वरीचे झरे मुंबईकरांना ठाऊक आहेत. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसई विजयानंतर नवस फेडण्यासाठी बांधवलं. रायगडात पालीजवळ उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ आणि राजवाडी. यात सर्वांत कडक पाणी उन्हवऱ्याचं, सत्तर अंशांच्या आसपास.

हे पाणी कुठल्या लाव्हाने तापलेलं नाही. कोकणात पाऊस धो धो पडतो. त्यातला काही भाग किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या उभ्या भेगांतून खूप खोल उतरतो. पृथ्वीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात, म्हणजे सत्तर अंश गाठायला पाणी दीड किलोमीटर किंवा त्याहून खाली जाऊन आलेलं असलं पाहिजे. तिथून दुसऱ्या भेगेने ते पटकन वर येतं, म्हणून गार व्हायला त्याला वेळ मिळत नाही. गीझरला लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी पाणी आणि वाट कोकणात आहे, जवळची आग नाही. म्हणून तिथे पाणी वाहतं, उसळत नाही.

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा तालुक्यात उनपदेव आहे. मराठवाड्याचा स्वतःचा गरम झरा नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी उनकेश्वरला. तो जिथे आहे तिथे दख्खनच्या लाव्हाची कड संपत आलेली असते आणि खालचे जुने खडक उघडे पडतात. त्वचेच्या आजारांसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्नानाला जातात.

गीझरशी खरं नातं सांगणारी जागा मात्र राजापूरची गंगा. उन्हाळे गावाजवळच्या टेकडीवर चौदा कुंडं आहेत. एरवी ती कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी, कुणी बोलावल्याशिवाय, कुंडांत पाणी येतं, दोन-अडीच महिने वाहतं आणि निघून जातं. अलीकडे तिच्या येण्या-जाण्याचा क्रम पूर्वीसारखा राहिलेला नाही. जवळच पायथ्याशी कायम वाहणारा गरम झरा वेगळा आहे. गंगा का येते, याचं अभ्यासकांनी सांगितलेलं एक कारण असं की, डोंगराच्या पोटात पाणी साठणारी पोकळी आणि तिला जोडलेली वक्र वाट असावी. पोकळी एका पातळीपर्यंत भरली की पाणी त्या वाटेने ओढलं जातं आणि पोकळी रिकामी होईपर्यंत वाहतं. इथे उष्णतेची गरजच नाही. पण भरणं, रिकामं होणं आणि पुन्हा भरायला वेळ घेणं हे गीझरचंच गणित आहे. पोकळी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावाच लागतो. हा नियम राजापूरला लागू आहे, यलोस्टोनला लागू आहे आणि बेंबळीच्या प्रत्येक विहिरीलाही.

बोअरने जन्मलेले आणि बोअरने मेलेले

माणसाने छिद्र घेतल्यामुळे जन्मलेले गीझरही जगात आहेत. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी आंदरनाख इथे १९०३ मध्ये सुमारे ३५० मीटर खोल बोअर घेतला. त्यातून पन्नास-साठ मीटर उंच उसळणारं पाणी निघालं, आणि ते थंड आहे. जमिनीतल्या कार्बन डाय ऑक्साइड वायूचा दाब त्याला वर फेकतो. अमेरिकेत युटा राज्यात १९३० च्या दशकात तेल शोधणाऱ्यांच्या बोअरमधून असाच थंड पाण्याचा क्रिस्टल गीझर सुरू झाला. नेवाडातल्या फ्लाय गीझरची गोष्ट १९६४ ची. भू-उष्णतेच्या शोधात घेतलेलं छिद्र नीट बुजवलं गेलं नाही. गरम पाण्याने स्वतःची वाट काढली आणि आज तिथे रंगीत खनिजांचा ढीग उभा आहे.

मेलेल्यांची यादी याहून मोठी आहे. नेवाडातच बिओवावे आणि स्टीमबोट स्प्रिंग्ज इथले गीझर भू-उष्णतेवरच्या वीजप्रकल्पांसाठी पाणी आणि वाफ उपसल्यावर थांबले. न्यूझीलंडच्या वैराकेईत १९५८ मध्ये अशी मोठी वीजनिर्मिती सुरू झाली, आणि पर्यटक जिथे लांबून येत तिथली गीझरची दरी पुढच्या दशकात शांत झाली. ओराकेई कोराको इथले बरेच गीझर १९६१ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाचा अपवाद सोडला तर प्रत्येक ठिकाणी कारण एकच होतं. जमिनीखाली पाण्याचा एक सामाईक साठा आणि त्याचा एक दाब असतो. कुठेही छिद्र घेतलं तरी तो दाब सगळ्यांसाठी उतरतो.

या सगळ्यात रोटोरुआ शहराची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. न्यूझीलंडच्या या शहराच्या कडेला फाकारेवारेवा ही माओरी लोकांची वस्ती आहे. त्यांच्या जेवणाची भांडी, अंघोळ, घराची ऊब हे सगळं गरम झऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. तिथेच पोहुतू हा मोठा गीझर. विसाव्या शतकात शहरातल्या घरांनी आणि हॉटेलांनी गरम पाण्यासाठी शेकडो बोअर पाडले. हळूहळू भूजलाची पातळी उतरली, झरे आटले, गीझर मंदावले. पापाकुरा नावाचा गीझर, जो जवळजवळ सतत उसळत असे, १९७९ मध्ये थांबला.

मग तिथल्या सरकारने कठोर निर्णय घेतला. १९८६-८७ मध्ये पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद केले गेले आणि त्याबाहेरच्या वापरावर शुल्क बसवलं गेलं. लोक नाराज झाले, विरोध झाला. पण पातळी पुन्हा वर आली. पोहुतू सावरला. कोरडे पडलेले झरे एकेक करून वाहू लागले. आणि २०१५ मध्ये, छत्तीस वर्षांनंतर, पापाकुरा पुन्हा उसळला. निसर्गाने परत दिलं, पण एका पिढीइतका अवधी घेऊन.

आपला साठा, आपली जबाबदारी

बेंबळीच्या काळ्या पाषाणात पाणी कुठे असतं हे इथला जुना विहीर खोदणारा चांगलं जाणतो. वरच्या मुरमात, भेगाळलेल्या थरात, मांजऱ्यात, आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या तांबड्या पट्ट्याच्या आसपास. घट्ट पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणजे आपला खरा साठा वरच्या शे-दीडशे फुटांत आहे, आणि तो दर पावसाळ्यात मुरणाऱ्या पाण्यावर भरतो. त्याखालच्या भेगांत जे पाणी लागतं ते अनेक वर्षांचं साठलेलं असतं. पाचशे-आठशे फुटांवरून ते उपसलं की तेवढ्याच वेगाने परत येत नाही. पहिल्या दिवशी दोन इंची वाहणारा बोअर दुसऱ्या उन्हाळ्यात का उचक्या देतो, याचं कारण इथेच आहे. शेजाऱ्याने त्याहून खोल बोअर घेतला की दोघांचंही कमी होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा जिल्ह्यात बोअर कमी नव्हते. भरलेला साठा नव्हता.

रोटोरुआने दीड किलोमीटरची रेघ ओढली. महाराष्ट्राने अशी रेघ १९९३ मध्येच कायद्यात ओढली होती. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेता येणार नाही, असं तेव्हाच्या भूजल कायद्यात लिहिलं होतं. त्यानंतरच्या महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना खोल विहीर ठरवून अधिसूचित क्षेत्रात त्यांच्यावर बंदीची तरतूद केली. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. आपल्या शिवारात पाचशे फुटांच्या आत थांबणारा बोअर किती जणांनी पाहिला आहे?

कायद्याशिवाय गाव स्वतः हे करू शकतं, याचा पुरावा लांब नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात शेतीसाठी बोअर न घेण्याचा, जास्त पाण्याची पिकं टाळण्याचा आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडूनच पेरणी ठरवण्याचा निर्णय घेतला. दुष्काळी भागातलं ते गाव आजही उदाहरण म्हणून उभं आहे. त्यांनी पाऊस वाढवला नाही. साठा सगळ्यांचा आहे हे मान्य करून त्याप्रमाणे ते वागले.

आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. चांगल्या वर्षी तो पुरतो, वाईट वर्षी तो पुरवावा लागतो. आपल्या जमिनीत यलोस्टोनची आग नाही आणि कोकणाचा पाऊसही नाही. आहे तो सच्छिद्र, थंड, मंद गतीने पाणी धरून ठेवणारा लाव्हाचा दगड. त्यात उसळतं पाणी शोधत राहणं म्हणजे नसलेल्या गोष्टीवर कर्ज काढणं. मुरतं पाणी वाढवणं आपल्या हातात आहे. बांध, चर, नाला खोलीकरण, जुन्या विहिरींचं पुनर्भरण, आडातला गाळ काढणं ही कामं कमी खर्चाची आहेत आणि त्यांचं फळ शेजाऱ्यालाही मिळतं.

पुढच्या उन्हाळ्यात बांधावर बोअरची गाडी बोलावण्याआधी एक काम करा. आपल्या आणि शेजारच्या चार शेतांतल्या विहिरींची पातळी कार्तिकात मोजा, चैत्रात पुन्हा मोजा, आणि तो आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा. गावाला आपला साठा किती हे कळलं, की तो किती उपसायचा हे ठरवण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही गावाकडे येतात. रोटोरुआने तो निर्णय घेतला तेव्हा त्यांचे झरे थांबायला लागले होते. आपल्या विहिरीही थांबायला लागल्या आहेत, आणि निर्णय आपल्यालाच घ्यायचा आहे.